पॅनेल टाका, पण सगळा कारभार त्याच्या हाती देऊ नका: घरच्या डॉकरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत गावभागात घर, ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू आणि डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. घरच्यांचे फोटो इमिचमध्ये, वडिलांच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानाची बिलं आणि पट्ट्या पेपरलेसमध्ये, सिनेमे जेलिफिनमध्ये. सगळं इकडून तिकडून कमांड आणून चिकटवत उभं केलेलं, त्यामुळे कोणती वस्तू कुठे आहे ते आता स्वतःलाच सांगता येत नाही. परवा पेपरलेस अपडेट केलं आणि लावलेली सगळी लेबलं गेली. पीडीएफ मात्र डिस्कवर आहेत. मित्र म्हणतो, पोर्टेनर नावाचं पॅनेल टाक, सगळं ब्राउझरमध्ये दिसेल. तर टाकावं का, ते सुरक्षित आहे का, आणि पुण्यात नोकरीच्या ठिकाणाहून घरचं उघडता येईल का?

टाका. मिरजेतले काही दवाखाने आणि सांगलीतली काही दुकानं यांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा आहे आणि घरीही माझ्याकडे हेच चालतं, तेव्हा पॅनेल म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. फक्त पॅनेलमध्ये बघायचं आणि लिहायचं ते साध्या फाईलमध्ये, ही वाटणी पहिल्या दिवसापासून ठेवा. ती का, ते पुढे येईलच. आधी तुमची लेबलं, कारण ती अजून सापडण्याची शक्यता बरीच आहे.

ती सापडेपर्यंत ‘प्रून’ (वापरात नसलेलं पुसून टाक) हा शब्द असलेली कुठलीही कमांड चालवू नका. पेपरलेस आपला माल दोन ठिकाणी ठेवतो. मूळ कागद ‘मीडिया’ फोल्डरात, आणि लेबलं, पाठवणाऱ्यांची नावं, तारखा वगैरे सगळं ‘डेटा’ फोल्डरातल्या डेटाबेसमध्ये. तुम्ही चिकटवलेल्या कमांडमध्ये मीडिया फोल्डर डिस्कला जोडलेला होता आणि डेटा फोल्डर राहून गेला होता, असंच दिसतंय. नाहीतर पीडीएफ राहून फक्त लेबलं जाणं जुळत नाही. कंटेनर म्हणजे पत्रावळ. अपडेट करताना जुनी उचलून टाकतात आणि नवी मांडतात; जुनीवर जे वाढलेलं होतं ते तिच्याबरोबर जातं.

इथे मात्र एक पळवाट आहे. इमेज म्हणजे कंटेनर ज्यातून निघतो तो साचा, आणि व्हॉल्यूम म्हणजे डॉकरने कंटेनरबाहेर डेटासाठी राखलेली जागा. इमेज बनवणाऱ्याने काही फोल्डरांना ‘हा व्हॉल्यूम आहे’ अशी खूण करून ठेवलेली असते, आणि पेपरलेसच्या इमेजमध्ये ती आहे. अशा फोल्डराला आपण जागा दिली नाही तर डॉकर स्वतःहून एक बिननावाचा व्हॉल्यूम काढून देतो. जुना कंटेनर काढून टाकला तरी, ‘व्हॉल्यूमसकट काढ’ असं मुद्दाम सांगितलं नसेल, तर तो व्हॉल्यूम तसाच पडून राहतो. नव्या कंटेनरला नवा कोरा व्हॉल्यूम मिळतो आणि आपल्याला वाटतं सगळं पुसलं गेलं.

पोर्टेनरचा खरा उपयोग इथेच होतो (तो बसवायचा कसा ते पुढे आहे). डावीकडे व्हॉल्यूम्सवर टिचकी मारा. तुम्ही स्वतः नाव दिलेले व्हॉल्यूम ओळखू येतील. बाकीची ६४ अक्षरांची, आकडे आणि अक्षरं मिसळलेली नावं दिसतील, आणि त्यातल्या काहींसमोर ‘अनयूज्ड’ अशी पट्टी असेल. बनवल्याची तारीख शेजारीच असते. तुम्ही पेपरलेस पहिल्यांदा बसवलं त्या सुमाराची तारीख शोधा, त्या व्हॉल्यूमचा डिस्कवरचा पत्ता बघा आणि टर्मिनलवरून त्या फोल्डरात डोकवा. आत ‘डीबी’ नावाची एसक्यूलाइट फाईल असली, तिचं वजन नव्या कोऱ्या डेटाबेसपेक्षा जास्त असलं, तर तुमची लेबलं तीच.

आता पेपरलेस बंद करा. अपडेटनंतर काही नवीन बिलं चढवली असतील तर त्यांची एक प्रत बाजूला काढून ठेवा, कारण जुन्या डेटाबेसला त्यांचा पत्ता नाही, ती पुन्हा चढवावी लागतील. मग त्या जुन्या व्हॉल्यूममधलं सगळं एका नीट नाव दिलेल्या फोल्डरात कॉपी करा. कॉपीच करा, हलवू नका. फोल्डराची मालकी कंटेनर ज्या युजरने चालतो त्याच्या नावे करा, बहुतेक घरगुती उबुंटूवर तो क्रमांक १००० असतो. आणि या वेळी डेटा आणि मीडिया दोन्ही फोल्डर बाहेर जोडून पेपरलेस चालू करा. नवी आवृत्ती जुना डेटाबेस स्वतःच आपल्या साच्यात बसवून घेते. प्रूनला मनाई का, ते आता कळलं असेल: डॉकर २३ पासून व्हॉल्यूमची साधी प्रून कमांड नाव दिलेल्यांना हात लावत नाही, फक्त बिननावाचे बेवारस व्हॉल्यूम उडवते. म्हणजे नेमका हाच.

आता पोर्टेनर बसवण्याबद्दल. त्याआधी तुमचा डॉकर कुठून आलाय ते बघा. उबुंटू सर्व्हर बसवताना तो शेवटी काही पॅकेजेस सुचवतो, त्यात डॉकरही असतो आणि तो स्नॅपमधला, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या बंदिस्त पॅकेज-पद्धतीतला, असतो. स्नॅपचा डॉकर होम फोल्डरच्या बाहेरच्या जागा नीट बघू शकत नाही. बाहेरची डिस्क जोडली की कंटेनरला फोल्डर रिकामा दिसतो आणि माणूस दोन दिवस परवानग्यांशी झटत बसतो. स्नॅपचा असेल तर डेटा बाजूला काढा, तो काढून टाका आणि डॉकरच्या अधिकृत रिपॉझिटरीतून पुन्हा बसवा. पॅनेल कुठलंही टाकलं तरी हा पाया आधी सरळ हवा.

पोर्टेनरची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, २०१६ पासून चालत आलेली आहे, आणि घरासाठी तीच पुरे. बसवण्याच्या अधिकृत कमांडमध्ये दोन पोर्ट उघडलेले असतात: ९४४३ हा पॅनेलचा, आणि ८००० हा दूरच्या मशीनवर बसवलेल्या मदतनीस प्रोग्रॅमांसाठी, म्हणजे एजंटांसाठीचा. घरी एजंट वगैरे काही नसतात, आणि तुमचं पेपरलेस ८००० वरच बसलेलं असणार, कारण त्याचा मूळ पोर्ट तोच. दोघांची टक्कर होऊन ‘पोर्ट आधीच दिलेला आहे’ अशी ओरड होते. तेव्हा कमांडमधला ८००० चा तुकडा सरळ काढून टाका. पॅनेल पहिल्यांदा उघडताना ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल लाल इशारा देईल. पोर्टेनरने स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र आहे म्हणून तो येतो, घरच्या नेटवर्कवर पुढे जायला हरकत नाही. बसवल्यावर चहा प्यायला मात्र उठू नका. पहिला अॅडमिन युजर पाच मिनिटांत बनवला नाही तर पोर्टेनर सुरक्षिततेसाठी स्वतःला बंद करून घेतो, मग कंटेनर पुन्हा सुरू करावा लागतो. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा मागतो.

आत गेल्यावर कंटेनरांची यादी दिसते. प्रत्येक ओळीत छोटी चिन्हं असतात: लॉग, तपशील, किती मेमरी खातोय त्याचा आलेख, आणि थेट कंटेनरच्या आत जायचं कन्सोल. माझ्या मते पॅनेल टाकायचं ते या चार चिन्हांसाठी. एक उदाहरण घ्या. इमिचमध्ये तुम्ही एकदम सगळ्या लग्नाचे फोटो ओतले, आणि चेहरे ओळखणारा मशीन लर्निंगचा कंटेनर सारखा पडतोय. यादीत तो ‘एक्झिटेड’ दिसेल, आणि तपशिलात बाहेर पडतानाचा कोड १३७. याचा अर्थ प्रोग्रॅम आपणहून थांबला नाही, त्याला बाहेरून ठार केलं. घरच्या मशीनवर बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून लिनक्सनेच. कोड १ असता तर चूक प्रोग्रॅमच्या आत किंवा सेटिंगमध्ये, लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. ० असेल तर तो शहाण्यासारखा काम संपवून थांबलाय. १३७ ला लॉग वाचून काही मिळत नाही, कारण मेलेल्याला लिहायला वेळच मिळालेला नसतो. तिथे मेमरीचा आलेख बघायचा. ८ जीबीमध्ये इमिच, पेपरलेस आणि जेलिफिन तिन्ही बसतात, पण इमिचची एकाच वेळी चालणारी कामं त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कमी करा आणि पहिली मोठी भर रात्री घाला.

हे सगळं टर्मिनलवर होत नाही का? होतं. पण पुण्यात दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर चार बोटांनी बघायचं असेल तर टर्मिनलची हौस राहत नाही.

आता लिहिण्याची बाजू. पोर्टेनरमध्ये कंटेनर बनवायचे दोन रस्ते आहेत. एक ‘अॅड कंटेनर’चा लांबलचक फॉर्म: इमेजचं नाव, पोर्ट, व्हॉल्यूम भरा, बटण दाबा. नवख्याला तो सोपा वाटतो आणि तोच टाळायचा. फॉर्म भरून झालेल्या कंटेनरची कृती कुठेच वाचता येईल अशी उरत नाही. लॅपटॉप गेला की पुन्हा आठवून फॉर्म भरत बसा. तुमची आजची तक्रार, काय कुठे आहे ते आठवत नाही, ती याने तशीच राहील, फक्त टर्मिनलऐवजी ब्राउझरमध्ये. दुसरा रस्ता ‘स्टॅक्स’, म्हणजे डॉकर कंपोजची फाईल. कोणती इमेज, कोणती आवृत्ती, कोणते फोल्डर कुठे जोडले, टाइमझोन कोणता, सगळं एका पानावर. तेच पान हातात असेल तर नव्या मशीनवर सगळं पुन्हा उभं राहतं.

पण पोर्टेनरच्या आतल्या एडिटरमध्ये स्टॅक लिहिताना दोन खड्डे आहेत, आणि ते बहुतेकांना पडल्यावरच कळतात. बऱ्याच प्रकल्पांच्या कंपोज फाईलमध्ये फोल्डरचा पत्ता टिंबाने सुरू होतो, म्हणजे ‘ही फाईल आहे तिथलाच अमुक फोल्डर’. टर्मिनलवर ते बरोबर चालतं. पोर्टेनरची फाईल मात्र त्याच्या स्वतःच्या कंटेनरात, ‘डेटा’ खालच्या ‘कंपोज’ फोल्डरात, क्रमांक दिलेल्या जागी असते. मग टिंबाचा अर्थ तो, आणि डॉकर तुमच्या मशीनवर अगदी मुळाशी त्याच नावाचा नवा फोल्डर काढून त्यात डेटा ठेवू लागतो. सगळं चालतंय असं दिसतं, आणि बॅकअप भलत्याच फोल्डराचा होत राहतो. तेव्हा पत्ते नेहमी मुळापासून पूर्ण लिहा. दुसरा खड्डा पासवर्ड आणि सेटिंग ठेवायच्या एन्व्ह फाईलचा. इमिचच्या कंपोज फाईलमध्ये ती फाईल टिंब-एन्व्ह या नावाने मागवलेली असते. पोर्टेनर तुम्ही भरलेली मूल्यं स्टॅक-डॉट-एन्व्ह या नावाने ठेवतो. फाईलमधलं नाव बदललं नाही तर स्टॅक उभाच राहत नाही.

म्हणून मी स्टॅक पोर्टेनरच्या आत लिहीत नाही. ‘ऑप्ट’खाली ‘स्टॅक्स’ नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक सेवेचा एक फोल्डर, आणि त्यात तिची कंपोज फाईल व एन्व्ह फाईल. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही एडिटरने वाचता येतात. ब्राउझरमधूनच लिहायचं असेल तर डॉकज नावाचं दुसरं पॅनेल आहे, २०२३ मध्ये आलेलं, सेवा चालू आहेत का यावर नजर ठेवणारं अपटाइम कुमा करणाऱ्याच हातचं. पोर्ट ५००१. ते स्वतःच्या पोटात काही लपवत नाही, त्याच फोल्डरातल्या त्याच फाईली उघडून दाखवतं. तुमच्यासाठी त्यात एक खास सोय आहे: तुम्ही चिकटवलेली लांबलचक डॉकर-रन कमांड एका चौकटीत टाकली की ते तिची कंपोज फाईल बनवून देतं. टर्मिनलच्या इतिहासात तुमच्या जुन्या कमांडी असतील, तिथून एकेक उचला. जे निघेल ते वाचून मगच चालवा. बाहेरचे फोल्डर जोडलेले आहेत ना, एवढं तरी बघा. डॉकज बसवताना स्टॅक्स फोल्डरचा पत्ता कंटेनरच्या आत आणि बाहेर एकच ठेवायचा असतो, तेवढी एक ओळ चुकवू नका.

मग पोर्टेनरची गरज काय? डॉकज व्हॉल्यूम, नेटवर्क, जुन्या इमेज यांची यादी दाखवत नाही, पोर्टेनर दाखवतो. तुमची लेबलं शोधायला तोच लागला. बाहेर बनवलेल्या स्टॅकसमोर पोर्टेनर ‘लिमिटेड’ असं लिहितो, म्हणजे चालू-बंद करता येईल, फाईल बदलता येणार नाही. लोक ते बघून घाबरतात. मला तर ते हवंच आहे. कासाओएसचं नावही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. दिसायला गोड, अॅप-स्टोअरसारखं, पण आत काय चाललंय ते झाकून ठेवण्याकडे त्याचा कल. ज्याला काही शिकायचं नाही त्याने ते वापरावं.

सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं केलंत, कारण बसवण्याच्या कमांडमधल्या एका ओळीकडे कोणी बघत नाही. पोर्टेनर असो की डॉकज, दोघांनाही डॉकर-डॉट-सॉक नावाचं सॉकेट, म्हणजे डॉकरला हुकूम द्यायची खिडकी, जोडून द्यावं लागतं. ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात अख्खं मशीन. तो हवा तो कंटेनर काढू शकतो, त्यात तुमची सगळी डिस्क जोडू शकतो, आणि रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, म्हणून काहीही वाचू-पुसू शकतो. सॉकेट ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडलं की धोका टळतो असा एक गोड समज आहे. टळत नाही, कारण ती बंधनं फाईलला लागू होतात, त्या सॉकेटमधून जाणाऱ्या हुकमांना नाही. म्हणून पॅनेलचा पासवर्ड हा मशीनच्या रूटचा पासवर्ड समजा. वडिलांना पॅनेल दाखवायचंच नाही. त्यांच्या फोनवर पेपरलेसचं पान बुकमार्क करून द्या, बस.

दुसरं म्हणजे उबुंटूची फायरवॉल, यूएफडब्ल्यू. तुम्ही तिथे ९४४३ बंद केलात तरी डॉकरने उघडलेला पोर्ट उघडाच राहतो, कारण डॉकर आपले नियम थेट लिनक्सच्या मूळ फायरवॉल-यादीत, आयपीटेबल्समध्ये, लिहितो आणि यूएफडब्ल्यूला विचारत नाही. बंद करायचा असेल तर कंपोज फाईलमध्येच पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त याच मशीनवरून) किंवा ज्या पत्त्यावर उघडायचा तो पत्ता लिहावा लागतो.

पुण्याहून उघडण्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायचं दार काढू नका. पॅनेल उघड्या इंटरनेटवर ठेवणं तर मुळीच नको. शिवाय ते बहुतेक जमणारही नाही: आपल्याकडच्या पुष्कळ फायबर जोडण्यांवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला तर समजा की बाहेरून आत यायची वाटच नाही. टेलस्केल वापरा, ते तुमचीच मशीन एकमेकांशी खाजगी वाटेने जोडतं. घरच्या वापरासाठी फुकट आहे, आतून वायरगार्ड हे व्हीपीएन आहे, आणि अशा जोडणीतूनही चालतं कारण दोन्ही मशीन आतूनच बाहेर पडून एकमेकांना गाठतात. लॅपटॉपवर एकदा, तुमच्या फोनवर एकदा. पण ते कंटेनरमध्ये बसवू नका, थेट उबुंटूवर बसवा. कधीतरी डॉकरच रुसून बसेल, तेव्हा आत शिरायला हीच वाट उरणार आहे.

डॉकर रुसतो म्हणजे काय, याचं एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉकर इंजिनाची २९ वी आवृत्ती आली आणि तिने जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या प्रोग्रॅमांना दार बंद केलं, एपीआय १.४४ च्या खालचं काही ऐकणार नाही, असं. लोकांनी नेहमीसारखं अपडेट मारलं आणि त्या वेळच्या पोर्टेनरला मशीनवरचा डॉकर दिसेनासाच झाला. पॅनेल उघडतं, आत सगळं रिकामं. कंटेनर मात्र मागे निवांत चालू होते. ज्यांच्या कंपोज फाईली बाहेर होत्या त्यांनी टर्मिनलवरून काम चालवलं आणि पोर्टेनरची दुरुस्त आवृत्ती आल्यावर ती टाकली. ज्यांचं सगळं पॅनेलच्या आत होतं ते त्याची वाट बघत बसले. वर जी वाटणी म्हटली ती यासाठी. आणि हो, पोर्टेनर स्वतःला आतून अपडेट करत नाही. त्याचा कंटेनर टर्मिनलवरून काढून नव्या इमेजने पुन्हा उभा करायचा, त्याचा डेटा व्हॉल्यूममध्ये असल्याने सेटिंग तशीच राहतात.

बाकी अपडेटांबद्दल. कंपोज फाईलमध्ये ‘लेटेस्ट’ लिहू नका, निदान डेटाबेससाठी तरी. पोस्टग्रेस या डेटाबेसची एक मोठी आवृत्ती दुसरीच्या फाईली वाचत नाही. १६ वरून १७ झाली की कंटेनर ‘या फाईली जुळत नाहीत’ म्हणून सुरूच होत नाही. डेटा गेलेला नसतो, पण ऐन वेळी घाम फुटतो. इमिचचा पोस्टग्रेस तर त्यांनी खास बनवलेला असतो, त्यांच्या फाईलमध्ये जो आहे तोच ठेवायचा. आपोआप अपडेट करणारी साधनं मिळतात. जेलिफिनवर लावा हवी तर. दुकानाच्या कागदांवर आणि घरच्या फोटोंवर मी ती लावत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी बसायचं, बदलांची नोंद वाचायची, बॅकअप घ्यायचा, मग आवृत्तीचा आकडा बदलायचा.

लाईटचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गावभागात राहता म्हणून सांगतो. जुना लॅपटॉप घेतलात हे उत्तम, यूपीएस पोटातच आला. सरासरी १५ वॅट धरले तरी महिन्याला साधारण ११ युनिट. झाकण मिटलं की झोपू नये असं उबुंटूच्या लॉगइनडी या सेवेच्या सेटिंगमध्ये लिहा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा. कंटेनरांची रीस्टार्ट पॉलिसी ‘अनलेस स्टॉप्ड’ ठेवा. मशीन परत आलं की तेही येतात. पण पॅनेलमधून स्वतः थांबवलेला कंटेनर परत येत नाही, हे लक्षात असू द्या, नाहीतर ‘लाईट गेल्यापासून जेलिफिन बंद आहे’ असं म्हणत बसाल.

याहून वाईट प्रकार बाहेरच्या यूएसबी डिस्कचा. मशीन सुरू होताना डिस्क जोडली जायला उशीर झाला, आणि डॉकर आधी उठला, तर कंटेनरला तो फोल्डर दिसतो पण रिकामा, आणि तो बिनधास्त आतल्या छोट्या डिस्कवर लिहायला लागतो. नंतर डिस्क जोडली गेली की ते लिहिलेलं झाकलं जातं. इमिच यात हुशार आहे, आपल्या फोल्डरांत खुणेच्या लपवलेल्या फाईली ठेवतो आणि त्या दिसल्या नाहीत तर सुरूच होत नाही. पेपरलेसवर असा भरवसा ठेवू नका. उपाय एकच ओळीचा आहे: उबुंटू सुरू होताना सगळ्या सेवा उठवणाऱ्या सिस्टमडीमध्ये डॉकरच्या सेवेला ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ म्हणून त्या डिस्कचा पत्ता द्या. मग डिस्क आल्याशिवाय डॉकर उठत नाही.

जाता जाता लॉगचंही करून घ्या. डॉकर मूळ सेटिंगमध्ये लॉग कधीच कापत नाही; बडबडा कंटेनर असला की डिस्क भरते. डॉकरच्या डीमनच्या (मागे चालणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) जेसन फाईलमध्ये कमाल १० एमबीच्या तीन फाईली असं लिहा. नियम त्यानंतर बनवलेल्या कंटेनरांनाच लागतो, म्हणून जुने एकदा पुन्हा उभे करा.

बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, जिथे ४५ ही धोक्याची पातळी. २०२१ मध्ये पुन्हा आलं. गावभागाला यावर काही समजावून सांगायला नको. लॅपटॉप माळ्यावर ठेवलात तरी पाणी चढलं की लाईट बंद, घर बंद, आणि तुम्ही पुण्यात. एक प्रत कृष्णेच्या पुराचं पाणी पोचणार नाही अशा गावी ठेवा. विट्याला किंवा जतला कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि एक डिस्क, टेलस्केलने जोडलेली. रेस्टिक हे साधन फाईली कुलूपबंद करून पाठवतं, आणि पहिल्यांदा सगळं गेलं की पुढे फक्त बदललेलं जातं. पाठवायचं काय? स्टॅक्सचा अख्खा फोल्डर, पेपरलेसचे डेटा आणि मीडिया, आणि इमिचचा अपलोड फोल्डर. चालू डेटाबेसच्या फाईली तशाच उचलू नका, अर्धवट उतरतात. इमिच रोज रात्री आपल्या डेटाबेसची नक्कल काढून अपलोड फोल्डरातच ‘बॅकअप्स’मध्ये ठेवतो, ती पुरते. पेपरलेस रात्री दोन मिनिटं थांबवून कॉपी घेतलीत तरी दुकानाचं काही अडत नाही. आणि रेस्टिकचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर फक्त ठेवू नका, कागदावर लिहून पुण्याला न्या.

राहिलं एक. तुम्ही पेपरलेस पुन्हा उभं करतच आहात, तर मराठी वाचन आत्ताच लावून घ्या. त्याच्या आत चित्रातली अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट आहे, पण मराठी त्याच्याबरोबर येत नाही. कंपोज फाईलमध्ये दोन सेटिंग लिहावी लागतात आणि त्यांची नावं जवळजवळ सारखी आहेत: शेवटी अनेकवचनी ‘लँग्वेजेस’ असलेलं, त्यात मराठीचा तीन अक्षरी कोड दिला की ती भाषा बसते, आणि एकवचनी ‘लँग्वेज’, त्यात मराठी अधिक इंग्रजी असं दिलं की ती वापरली जाते. फक्त एकवचनी लिहिलं तर लॉगमध्ये ‘भाषा बसवलेली नाही’ अशी ओळ येते आणि बिल तसंच पडून राहतं. टाइमझोनही आशिया-कोलकाता द्या, नाहीतर घड्याळ साडेपाच तास मागे चालतं आणि पहाटे चढवलेल्या बिलावर कालची तारीख पडते. छापील बिलं आणि पट्ट्या बऱ्यापैकी वाचल्या जातील. हमालीची हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचली जाणार नाही, तिला स्कॅन करतानाच व्यापाऱ्याच्या नावाचं लेबल लावा.